ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण: घाटात चालू ठेवायचं की बंद?

यवतेश्वरचा_वळसा

नमस्कार मंडळी.

राहायला साताऱ्यात, शेत कोरेगाव तालुक्यात. पावसाळ्यात कास, ठोसेघर, बामणोली असं जाणं-येणं असतंच. नुकतीच नवीन गाडी घेतली आहे, पुढच्या चाकांवर ओढणारी, मॅन्युअल गिअरची. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला खाली एक बटण आहे. त्यावर मागून दिसणारी गाडी आणि तिच्या चाकांखाली दोन नागमोडी रेघा. हेच चिन्ह मीटरमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना पिवळं लुकलुकतं. पाऊस लागलेला असतो, वळणावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जरा जोरात ॲक्सिलेटर दिला की दिवा लागतो आणि गाडीचा दम क्षणभर जातो. मग पुन्हा ओढायला लागते.

मित्रांत दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, घाट लागला की ते बटण बंद करायचं, पिकअप मरत नाही. दुसरा म्हणतो, हात पण लावू नको. आणि शेतात मात्र वेगळाच अनुभव. बांधाजवळच्या चिखलात गाडी रुतली, ॲक्सिलेटर दाबतोय तर इंजिन आवाजच वाढवेना. शेजारच्या शेतातल्या पोरानं येऊन बटण दाबलं आणि गाडी हलली!

डिलिव्हरी देणाऱ्यानं 'सेफ्टी फीचर आहे सर' एवढंच सांगितलं. तर हे बटण नक्की काय बंद करतं, कुठं चालू हवं, कुठं बंद हवं, आणि जास्त वेळ दाबून धरलं की वेगळा संदेश का येतो, हे जाणकारांनी नीट समजावून सांगावं. मॅन्युअल वाचलंय, पण तिथं इशारेच जास्त आणि कारणं कमी आहेत.

कंदी_पेढा

आधी नव्या गाडीचे पेढे. मग उत्तरं.

अभिनंदन हो! राजवाड्यावर कधी भेटताय ते कळवा.

पाना_नंबर_चौदा

मी कराडला गाड्यांच्या कामातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका बटणामागं दोन वेगळी कामं आहेत, घोळ तिथंच होतो. ट्रॅक्शन कंट्रोल बघतो ते ॲक्सिलेटर दिल्यावर चाक जागेवर फिरतंय का. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, बघतो ते गाडी तुम्ही वळवताय तिकडंच वळतेय का. पहिला वेग धरतानाचा राखणदार, दुसरा दिशेचा.

प्रत्येक चाकाला वेग मोजणारा सेन्सर असतो, तोच एबीएसला, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमला, लागतो. पुढची दोन चाकं ओढणारी असतील आणि त्यातलं एक मागच्या चाकांपेक्षा एकदम जास्त फिरायला लागलं, तर कॉम्प्युटरला कळतं की ते घसरतंय. मग तो दोन गोष्टी करतो. इंजिनाची ताकद कमी करतो आणि घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. यवतेश्वरला तुमच्या गाडीचा दम जातो तो ह्या पहिल्या गोष्टीमुळं. तो बिघाड नाही. त्या क्षणी ती ताकद रस्त्यावर उतरतच नव्हती, चाक नुसतं पाण्यावर आणि शेवाळावर फिरणार होतं. ओढणारंच चाक वळवणारंही असल्यामुळं ते फिरायला लागलं की तुमचं वळणही हातातून जातं. बटण बंद करून पिकअप मिळत नाही, फक्त चाकाचा आवाज मिळतो.

ईएससीला आणखी तीन गोष्टी लागतात: स्टिअरिंग किती फिरवलंय ते, गाडी स्वतःभोवती किती फिरतेय ते, आणि बाजूला किती ढकलली जातेय ते. स्टिअरिंगवरून त्याला तुमचा इरादा कळतो, बाकीच्या सेन्सरवरून गाडीचं वागणं. दोन्हींत फरक पडला की तो एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावतो. ही पडताळणी सेकंदाला २५ वेळा होते असं बॉश कंपनी सांगते. तुमच्या पायाखाली एकच पेडल आहे, चार चाकांना वेगवेगळा ब्रेक तुम्हाला लावताच येत नाही. चालक कितीही तयार असू दे, हे काम माणसाच्या हातचं नाही.

बांधावरचा

पाना भाऊंनी चांगलं सांगितलं. ज्यांनी ट्रॅक्टर चालवलाय त्यांना हे दोन मिनिटांत कळेल, म्हणून माझी भर.

ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगळे असतात, उजव्या पायाखाली शेजारी-शेजारी दोन पेडल. सरीच्या टोकाला आलो की डावीकडं वळायला डावं पेडल दाबायचं. डावं मागचं चाक थांबतं, उजवं फिरत राहतं आणि अख्खं धूड जागच्या जागी वळतं. गाडीतला ईएससी म्हणजे हेच, फक्त चारही चाकांना आणि न विचारता. वळणावर गाडीचं नाक बाहेर पळायला लागलं, वळतच नाही असं झालं, तर तो आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावतो आणि नाक आत ओढतो. उलट शेपूट बाहेर यायला लागली, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक, म्हणजे गिरकी थांबते.

आणि रुतल्यावरचं दुखणंही ट्रॅक्टरवाल्याला माहीत आहे. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअर, असं असतं की ज्या चाकाला पकड नाही ते नुसतं फिरतं आणि पकड असलेलं चाक गप्प उभं राहतं. ट्रॅक्टरला त्यासाठी टाचेखाली डिफरन्शियल लॉकचा पायटा असतो, दाबला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. साध्या गाडीला तो लॉक नाही. म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडं ताकद पाठवायचा प्रयत्न करतो.

जाता जाता, ट्रॅक्टरवाल्या बांधवांना हात जोडून एक विनंती. डांबरी रस्त्यावर चढताना दोन्ही ब्रेक पेडल जोडणारा खटका लावत जा. उसाच्या भरल्या ट्रॉल्या घेऊन एका बाजूचाच ब्रेक लागला तर काय होतं, हे आमच्या भागात सगळ्यांनी बघितलंय.

कंदी_पेढा

दोन ब्रेक पेडलचं उदाहरण एकदम भारी. माझ्या शहरातल्या मेव्हण्याला हेच पाठवलं, तर म्हणतो ट्रॅक्टरच घेतो आता.

रॅलीवेडा

मी थोडा वेगळा सूर लावतो.

चालवता येणाऱ्याला ही सिस्टीम काही वेळा आडवी येते, हे मान्य करायला काय हरकत आहे? मोकळ्या खडीवर, मुरमाच्या रस्त्यावर थोडं चाक फिरवत, थोडी शेपूट सोडत गाडी काढणं हे एक कौशल्य आहे. सिस्टीम मध्ये पडली की गाडीची लय तुटते. पाटणच्या वरच्या अंगाला कच्च्या रस्त्याचा चढ असतो, तिथं गती राखणं हाच एक उपाय. नेमका त्या क्षणी कॉम्प्युटर ताकद काढून घेतो आणि गाडी चढाच्या मधोमध उभी. मग तिथून मागं घेत खाली येणं जास्त धोक्याचं की चाक थोडं फिरू देणं?

मी बंद करतो. अनेक वर्षं करतोय.

कृष्णाकाठची

रॅलीवेडा दादा, कच्च्या चढाबद्दल तुमचं म्हणणं पटतं. पण प्रश्न यवतेश्वरच्या डांबरी घाटाचा होता. तिथं एका बाजूला दरी, समोरून वीकेंडची रांग, आणि सगळ्यांना पठारावर पोचायची घाई. तिथं शेपूट सोडायला जागा कुठं आहे?

मी सांगलीची, माहेर चिपळूणला. त्यामुळं कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट माझा नेहमीचा. भर पावसात कुंभार्ली उतरताना एक वळण आलं, समोर रस्त्यावर झाडाची फांदी आडवी. मी स्टिअरिंग एकदम फिरवलं आणि ब्रेकही दाबला. गाडीचा मागचा भाग दरीकडं निघाल्याचं पाठीला जाणवलं. त्याच वेळी खालून कर्रर्र असा आवाज आला, ब्रेक पेडल पायाला धडधडलं, मीटरमध्ये तो पिवळा दिवा वेड्यासारखा लुकलुकला आणि गाडी सरळ झाली. हे सगळं व्हायला 'अगं आई' म्हणायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. शेजारी सासूबाई होत्या, त्यांना फक्त धक्का बसल्यासारखं वाटलं.

मी त्यात काही कौशल्य दाखवलं नाही. फक्त स्टिअरिंग सोडलं नाही आणि जिकडं जायचंय तिकडंच धरून ठेवलं. पाना दादा म्हणाले ना, सिस्टीमला इरादा स्टिअरिंगवरून कळतो. म्हणून घाबरून हात सोडायचे नाहीत, आणि पेडल थरथरलं म्हणून पाय उचलायचा नाही. नवीन शिकणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही. पेडल थरथरलं की ब्रेक फेल झाला असं वाटून लोक पाय काढतात.

पाना_नंबर_चौदा

ताई, अगदी बरोबर. ती थरथर म्हणजे एबीएस काम करतोय. पाय दाबूनच ठेवायचा.

रॅलीवेडा, तुमच्या कच्च्या चढाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण 'बंद करतो' म्हणजे काय बंद करता? तिथंच मूळ प्रश्नातल्या जास्त वेळ दाबण्याचं उत्तर आहे. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबून सोडलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतो, ईएससी पहारा देत राहतो. तीन-चार सेकंद किंवा त्याहून जास्त दाबून धरलं की ईएससीही बंद होतो. स्क्रीनवरचे दोन संदेश वेगळे असतात ते त्यामुळं. काही गाड्यांत पूर्ण बंद करायची सोयच ठेवलेली नसते. काहींत वेग ठरावीक मर्यादेपुढं गेला की सिस्टीम आपली आपण जागी होते. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं परत चालू. एबीएस मात्र ह्या बटणानं बंद होत नाही.

तुमच्या कच्च्या चढाला एकदा दाबणं पुरतं. दाबून धरायची गरज साताऱ्यात कुठल्याच सार्वजनिक रस्त्यावर नाही, असं माझं ठाम मत आहे.

लालपरी_चाळीस_वर्षं

मी यष्टीत चालक होतो. आता निवृत्त. नातवाच्या गाडीत हे सगळे दिवे बघतो.

आमच्या वेळच्या गाडीला ह्यातलं काही नव्हतं. पसरणी, केळघर, आंबेनळी, कुंभार्ली, सगळे घाट केले. नियम एकच होता. ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरायचं, आणि वेग वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. हा नियम पाळला तर तुमचा तो दिवा लागायचं कारणच येत नाही.

पण मी नव्या सिस्टीमच्या विरोधात नाही, उलट असती तर बरं झालं असतं असं वाटतं. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल-धूळ मिसळून जो थर येतो, त्यावर भल्या भल्यांच्या गाड्या गेलेल्या बघितल्यात. आता भातलावणीच्या दिवसांत जावळीत, पाटणात जाऊन बघा. चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकं घेऊन खाचरातून रस्त्यावर येतात आणि वळणावरच चिखलाचे गोळे सांडतात. रात्री ते ओल्या डांबरासारखेच काळे दिसतात. चालकाला दिसलं नाही तर गाडीला तरी कळू दे.

यवतेश्वरचा_वळसा

काका, नमस्कार. 'वेग वळणाच्या आधी' हे वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

पाना भाऊ, लुकलुकणं आणि सतत जळणं यात फरक आहे का? माझा अजून फक्त लुकलुकतो.

पाना_नंबर_चौदा

मोठा फरक आहे. लुकलुकतोय म्हणजे सिस्टीम आत्ता काम करतेय आणि रस्ता तुम्हाला निसरडा लागलाय. ॲक्सिलेटर हलका करा, एवढाच त्याचा अर्थ. सतत पेटून राहिला म्हणजे एकतर तुम्ही ती बंद केलीय किंवा तिच्यात बिघाड आहे. बंद केल्याचा दिवा बहुतेक गाड्यांत वेगळा असतो, चिन्हाखाली 'ऑफ' लिहिलेला. बिघाडाचा दिवा लागला तरी साधे ब्रेक चालतात. पण सोबत एबीएसचाही दिवा लागला असेल तर दोन्ही गेलेत असं धरून सावकाश यायचं आणि दाखवायचं.

आमच्याकडं येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा चाकाजवळचा सेन्सर नाहीतर त्याची वायर निघते. चिखल बसतो, उंदीर वायर कुरतडतो. आणि एक नेहमीचा प्रकार म्हणजे चार चाकांना चार मापांचे टायर. कॉम्प्युटर चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघतो. एक टायर कमी व्यासाचा असला तर ते चाक कायम जास्त फिरतं आणि सिस्टीमला चुकीची माहिती जाते.

हळदीचा_बाजार

आयला, इथं कुणी टायरचं बोलणार की नाही असं वाटत होतं, आत्ता विषय निघाला.

सांगलीकडची काळी माती अनुभवलीय का कुणी? पाऊस पडून गेल्यावर पाणंद रस्त्यानं शंभर पावलं गाडी घातली की टायरच्या खाचा लिंपून निघतात. मग ती नक्षी राहतच नाही, गुळगुळीत चेंडू होतो. तिथं सिस्टीम काय करणार? तिला चारही चाकं घसरताना दिसतात. कुठल्या चाकाला ब्रेक लावून कुठलं वाचवणार?

ही सिस्टीम पकड तयार करत नाही, असलेली पकड वाटून देते. पकड टायर देतो. आपल्याकडं कायद्यानं कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली हवी. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला. लोक लाखभर जास्त देऊन वरचं मॉडेल घेतात आणि टायर मात्र तार दिसेपर्यंत चालवतात. जीव तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर असतो, बाकी सगळं त्याच्या वर.

कृष्णाकाठची

हळदीचा बाजार, पूर्ण सहमत. आणि वेगाचंही तेच. तेच वळण ४० ऐवजी ६० नं घेतलं तर वेग दीडपट होतो, पण लागणारी पकड सव्वादोनपट. टायरकडं तेवढी नसली तर जगातला कुठलाच कॉम्प्युटर गाडी वळवू शकत नाही. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यानंतरचं एस आकाराचं वळण आठवा. उतारावर वेग कधी वाढतो ते कळत नाही, आणि आपल्याकडं ईएससी आहे म्हणून निर्धास्त राहणारा तिथं फसतो.

जुन्या_गाड्या_जुने_रस्ते

थोडं विषयांतर करतो, पण ह्या सिस्टीमचा इतिहास वाचण्यासारखा आहे.

एबीएस आला १९७८ मध्ये, बॉशनं बनवलेला, मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये. त्याच दोन कंपन्यांनी मिळून १९९५ मध्ये ईएसपी, म्हणजे आपला ईएससीच, आणला, तोही एस क्लासच्याच घराण्यात. तेव्हा ही श्रीमंतांची चैन होती. छोट्या गाडीत तो आला एका फजितीमुळं. १९९७ मध्ये मर्सिडीजनं ए क्लास नावाची छोटी उंच गाडी काढली. स्वीडनमधल्या एका मासिकानं तिची एल्क चाचणी घेतली. एल्क हे तिकडचं मोठ्या शिंगांचं हरीण, ते अचानक रस्त्यावर येतं, म्हणून एकदम डावीकडं आणि लगेच उजवीकडं वळवून बघायची ही चाचणी. गाडी चक्क उलटली! जगभर बोभाटा झाला. कंपनीनं विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि सगळ्या ए क्लासमध्ये ईएसपी देऊन टाकला. तिथून ही गोष्ट सामान्य गाड्यांकडं सरकली.

पुढं अमेरिकेनं २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपनं २०१४ पासून सगळ्या नव्या कारना ती सक्तीची केली. आपल्याकडं एबीएस सगळ्या नव्या कारना एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी, २०२३ मध्ये सुरू झाली, त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी लागतोच. आता मधल्या किमतीच्या गाड्यांतही तो सगळ्या व्हेरियंटमध्ये दिसायला लागलाय, त्यात ह्या ताऱ्यांचा हात आहे.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. टोयोटा व्हीएससी म्हणते, होंडा व्हीएसए, बीएमडब्ल्यू डीएससी. काम तेच.

कंदी_पेढा

आपल्याकडं एल्क नाही, पण म्हैस आहे. आणि ती अचानक येत नाही, आधीपासूनच मधोमध बसलेली असते. म्हैस चाचणीत पास झालेली गाडी कुठली?

लालपरी_चाळीस_वर्षं

म्हैस परवडली, ती जागा सोडत नाही. कुत्रं आणि वासरू वाईट, ते दोन्ही बाजूंना पळतं.

डोंगरउतार

माझी ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे, तिला मड, सँड, स्नो असे मोड आहेत. पण गाडी टू-व्हील ड्राइव्हच आहे. मग ह्या मोडचा काही उपयोग होतो, की नुसतं चित्र बदलतं?

पाना_नंबर_चौदा

होतो, पण फोर-व्हील ड्राइव्ह होत नाही. टू-व्हीलमध्ये हे मोड ट्रॅक्शन कंट्रोल किती लवकर मध्ये पडेल आणि ॲक्सिलेटर किती तिखट असेल ते बदलतात. स्नो मध्ये ॲक्सिलेटर मऊ होतो, काही गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये सुटतात. ओल्या डांबरावर, गवतावर हा बरा. मड आणि सँड मध्ये चाकाला जास्त फिरू देतात, कारण चिखलात वरचा थर उडवून खालची घट्ट माती पकडायची असते आणि वाळूत गती तुटू द्यायची नसते. म्हणून मड मोड लावून ओल्या घाटात जाऊ नका. नाव बघून बरेच जण तसं करतात.

आणि फोर-व्हीलवाल्यांसाठीही एक गोष्ट. चार चाकांची ओढ सुटायला आणि चढायला मदत करते. थांबायला प्रत्येक गाडीकडं चारच ब्रेक आणि चारच टायर. वळणात आणि उतारावर फोर-व्हील म्हणून काही जादू होत नाही.

बांधावरचा

आता मूळ मुद्द्यातला शेतातला भाग राहिला, त्यावर माझं आणि पाना भाऊंचं जमतं का बघू.

माझं मत: चिखलात रुतली की पहिलं काम बटण बंद.

पाना_नंबर_चौदा

नाही, पहिलं काम ते नाही. इथं माझं थोडं वेगळं आहे.

एकच चाक चिखलात आणि दुसरं बऱ्या जमिनीवर असेल, तर ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवूनच बघायचं. ॲक्सिलेटर हलका पण सलग धरायचा, पंप करायचा नाही. सिस्टीम फिरणाऱ्या चाकाला कटकट करत ब्रेक लावते आणि दुसऱ्या चाकाला ताकद मिळते. दोन-तीन सेकंद धीर धरला की अनेकदा गाडी निघते. लोक आवाज ऐकून लगेच पाय काढतात.

दोन्ही ओढणारी चाकं चिखलात असतील आणि इंजिन मरगळत असेल, तेव्हा बंद. धाग्यात सांगितलेली गाडी बहुधा अशीच फसली असणार.

बांधावरचा

पटलं. एक चाक की दोन चाकं हे आधी उतरून बघायला हवं. पावसात कुणी उतरत नाही, तिथंच घोडं अडतं.

बंद केल्यावरचं मी सांगतो. स्टिअरिंग सरळ करायचं, वळलेली चाकं जास्त अडतात. चाकासमोरचा चिखल खोऱ्यानं काढायचा. उसाचं पाचट, गोणपाट, तुराट्या, खडी, मिळेल ते ओढणाऱ्या चाकाखाली खुपसायचं. दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडायचा. नाही निघाली तर थोडं पुढं, थोडं मागं असं झुलवायचं. गाडीच्या मागं कुणाला उभं करायचं नाही, पाचट आणि दगड गोळीसारखे येतात. आणि चाक जागेवर जोरात फिरवत बसायचं नाही. एक चाक थांबलेलं असताना दुसरं मीटरवर दिसतं त्याच्या दुप्पट वेगानं फिरतं. मीटर ५० दाखवतो तेव्हा ते १०० नं फिरतंय. टायर तापून फुटतो, आणि गाडी आणखी खाली बसते ते वेगळंच.

निघाली की डांबरावर चढायच्या आधी बटण परत चालू. आणि टायरचा चिखल झाडायला पहिला अर्धा किलोमीटर हळू.

रॅलीवेडा

सगळं वाचलं. पाना भाऊ, तुमचं एकदा दाबणं आणि दाबून धरणं वेगळं, हे मान्य. माझ्या गाडीत बघितलं, एकदा दाबल्यावर फक्त ट्रॅक्शनच बंद होतो आणि कच्च्या चढाला तेवढं पुरतं. ईएससी चालू राहू द्यायला माझी हरकत नाही.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. गाडी घसरते म्हणजे काय हे प्रत्येक चालकाला सुरक्षित जागी एकदा तरी अनुभवायला मिळायला हवं. आपल्याकडं लायसन्ससाठी आठ काढून दाखवायचा आणि रिव्हर्स घ्यायची, झालं. ओल्या जमिनीवर जोरात ब्रेक मारून एबीएसची थरथर पायाला कळलेली नसेल, तर कृष्णाकाठची ताईंसारखा प्रसंग आला की नवा माणूस पाय काढणारच. मोकळं मैदान, आजूबाजूला कुणी नाही, वेग ३० च्या आत, आणि शेजारी जाणता माणूस. एवढं तरी करा.

कृष्णाकाठची

दादा, ह्याला माझं अनुमोदन. माझ्या मुलीला मी असंच शिकवणार आहे.

यवतेश्वरचा_वळसा

सगळ्यांचे आभार. मित्रांतल्या दोन्ही पक्षांना हा धागा पाठवलाय. यवतेश्वरला बटण चालूच, शेतात उतरून बघून मग ठरवायचं. वळण घेताना ॲक्सिलेटर हलका धरून चढवून बघितली, दिवा लागलाच नाही आणि गाडी कुठं दमलीही नाही. कंदी पेढा, रविवारी राजवाडा, संध्याकाळी.

डोंगरउतार

जाता जाता आणखी एक. बॅटरी बदलल्यापासून माझा ईएससीचा दिवा सतत पेटलेला आहे. बॅटरीवाला म्हणतो सेन्सर गेला, मोठा खर्च आहे.

पाना_नंबर_चौदा

खर्च करायच्या आधी हे करा. बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की स्टिअरिंगचा सेन्सर सरळ कुठं आहे ते विसरतो. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना, स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं, मग सरळ करा. नंतर सरळ रस्त्यावर थोडं अंतर सावकाश चालवा. बऱ्याचदा दिवा तेवढ्यानं जातो. नाही गेला तर स्कॅनर लावून कोड बघा, आणि कोड बघितल्याशिवाय कुणी पार्ट बदला म्हटलं तर बदलू नका. अलाइनमेंट करताना स्टिअरिंग हलवलं गेलं असेल तर सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो, तेही स्कॅनरनंच होतं.

डोंगरउतार

शेंद्रे फाट्यापर्यंत जाऊन आलो. पेट्रोल पंपाच्या आत वळवायच्या आधीच दिवा गेला. पाना भाऊ, धन्यवाद!